उत्तराणच्या दुपारी

सुरत,
२२ जानेवारी २०२४

शर्वरीताई,

माझा फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. तो पोलिसांनी नेला. मायचाही नेला, ज्यात बिचारीची भजनं सोडून काही नव्हतं. वकील म्हणाले, नवा घेतलात तरी त्यावर नको ते बोलू नका. म्हणून पत्र लिहितेय आणि तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. नंदुरबारला तुझ्या घरी टपाल कोण घेतं, मला ठाऊक नाही. तुझं उत्तर मी काम करते त्या मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानावर पाठव. शेठ चांगला आहे, फोडून बघणार नाही.

मला एवढंच विचारायचंय. योगराज तुझ्याकडे आलाय का?

तुला पेपरातून काय कळलं असेल कोण जाणे, म्हणून सरळ सांगते. उत्तराणच्या दिवशी, म्हणजे इकडच्या संक्रांतीला, रविवारी दुपारी कडोदऱ्याला त्या कंत्राटदाराचं ऑफिस जळलं. तोच, ज्याच्या माणसांनी नोव्हेंबरात पलसाण्याला मिलच्या गेटसमोर आपल्या धरण्यावर लाठ्या चालवल्या, ज्यांच्या माराने आपल्यातली चंचल गेली. मागे उभ्या असलेल्या गाड्या पेटवल्या, तिथून आग ऑफिसला लागली. सगळं गाव गच्चीवर पतंगांत गुंतलं होतं. धूर दिसायलाच वेळ लागला.

आत उखामामा होते. मायच्या माहेरच्या गावचे, दर राखीला घरी येणारे. ते तिथे वॉचमन होते हे मलाही माहीत होतं आणि योगराजलाही. ते भाजलेत. सरकारी दवाखान्यात आहेत.

योगराज त्या दिवसापासून घरी नाही.

त्याची बहीण म्हणून मला चौकीत बसवून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, "ये मोकळीक क्या है? पार्टी है, संस्था है, क्या है?" काय सांगू? म्हटलं, साहेब, डिंडोलीत सुताच्या गोडाऊनवर दोन खोल्या होत्या. लूमवर काम करणारी आणि कॉलेजात शिकणारी आम्ही पोरं-पोरी तिथे जमायचो. अहिराणीत नवी गाणी बांधायचो, जेवणाच्या सुट्टीत गल्लीत नाटकं करायचो. भाकऱ्या पुरुषही थापायचे. हुंड्याशिवाय, भटाशिवाय सात-आठ लग्नं लावली. आडनावं टाकून दिली. दहा वर्षं कुणाला नख लावलं नाही. ते म्हणाले, "आडनावं टाकली तेव्हाच समजायला पाहिजे होतं." आणि हसले.

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी फक्त विचार करत होते की योगराजने त्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावून घेतलं होतं मायकडून, जसा शाळेत जाताना लावून घ्यायचा.

लगेच लिही.

तुझी
हर्षदा


नंदुरबार,
२७ जानेवारी २०२४

प्रिय हर्षदा,

तुझं पत्र आज मिळालं.

योगराज इथे आलेला नाही. आला तर मी तुला कळवीनच. तो कुठेतरी सुखरूप असेल, दोन घास खात असेल, असं धरून चाल. मायलाही तसंच सांग.

तू विचारलं नाहीस, पण अमितचाही पत्ता मला नाही. आगीच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस इथेही विचारायला आले होते, पण आम्ही दोन वर्षं वेगळे राहतो याची कागदपत्रं बघून गेले. तो आणि मी का वेगळे झालो हे तुला कधी नीट सांगितलं नाही. भांडण घरगुती नव्हतं. मोकळीक त्यानेच सुरू केली. आपण सगळे त्याच्या एका शब्दावर घरं सोडून आलो. पण लॉकडाऊनमध्ये आपली माणसं महामार्गाने चालत गेली, त्यानंतर तो बदलत गेला. एकदा तुम्ही सगळे गाण्याची तालीम करत होतात आणि तो मला स्वयंपाकघरात म्हणाला, "इतकी वर्षं गाऊन एक तरी शेठ हलला का?" मी म्हटलं, आपण हललो ना. तर म्हणाला, "आपण हलून काय उपयोग?" त्या वाक्यानंतर मला तिथे राहवेना. चंचल गेल्यावर तर त्याला हवी होती तशी पोरं मिळाली असणार.

मला उखामामांबद्दल सविस्तर लिही. ते कुठे सापडले, आत की बाहेर? त्यांना कुणीतरी ओढून बाहेर काढलं असं काही लोक बोलतात का? पेपरात वेगवेगळं आलंय म्हणून विचारते.

तू एकटी फिरू नकोस.

शर्वरी


सुरत,
५ फेब्रुवारी २०२४

शर्वरीताई,

तुझ्या पत्राने जरा धीर आला. निदान तू तरी आहेस, असं वाटलं. मायला वाचून दाखवलं. "दोन घास खात असेल" हे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं.

इथलं काय सांगू. मोकळीकच्या खोल्या फोडल्या. शुक्रवारी संध्याकाळी पन्नासेक जण आले, घोषणा देत. ढोलकी, पुस्तकं, पडदे, सगळं खाली रस्त्यावर फेकलं. आमच्या गल्लीतले लोक दारं लावून बसले. ज्यांची लग्नं आपण लावली त्यांतले दोघे मला आता ओळख देत नाहीत. त्यांचंही चूक म्हणवत नाही, त्यांना लेकरं आहेत.

त्या जमावात योगेश होता. आठवतो? तू ज्याला बाराखडी शिकवलीस, ज्याला 'ळ' म्हणता येत नव्हता. आता कंत्राटदाराच्या माणसांबरोबर फिरतो. हातात काठी. मला बघून थांबला आणि म्हणाला, "दीदी, थोडे दिन बाहर मत निकलना." धमकी होती की काळजी, अजून कळलं नाही. त्याला विचारायची हिंमत झाली नाही.

तू उखामामांचं विचारलंस. ऐक.

माय रोज दवाखान्यात जाते. योगराजचं नाव संशयितांत आहे हे तिला ठाऊक आहे, पण तिचा त्यावर विश्वास नाही. मामांची बायको शांतामामी तिला बोल लावत नाहीत. दोघी एका बाकावर बसतात. मामांचे दोन्ही हात आणि पाठ भाजलीय. पहिले बरेच दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. मग पोलीस जबाब घ्यायला आले. त्यांना मामा म्हणाले, "माले काही माहीत नई. मी कोणलेच देखं नई."

पोलीस गेल्यावर माय त्यांना पाणी पाजत होती. मी पायाशी उभी होते. मामा एकदम म्हणाले, "बहिन, बाहेरतून कडी लायेल व्हती."

मायने पेला खाली ठेवला.

आग विझल्यावर तिथली माणसं जे सांगत होती, त्याच्याशी हे जुळतं. शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणारी पोरं खाली धावत आली. त्यांनीच कडी काढली, त्यांनीच मामांना ओढलं. दुसऱ्या कुणी नाही. एका पोराचा हातही भाजलाय. म्हणजे कुणीतरी आधी कडी लावली होती आणि मग आग लावली. ताई, तेवढा एक विचार सोडला तर मी बाकी सगळं सहन करू शकते. योगराज रागात गाडी पेटवेल, पेटवू शकेल, चंचलचं तोंड त्याने शेवटी ज्या अवस्थेत पाहिलं ते मीही पाहिलंय. पण हे तो करणार नाही. ज्या मामांच्या खांद्यावर बसून तो जत्रा बघायचा, त्यांना कोंडणार नाही.

तू त्याला ओळखतेस. तू सांग, नाही ना करणार?

हर्षदा


नंदुरबार,
११ फेब्रुवारी २०२४

हर्षदा,

हे पत्र एकटी असताना वाच.

मी तुला खोटं लिहिलं. योगराज माझ्याकडे आहे. सोळा जानेवारीला आला, तेव्हापासून आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तो आतल्या खोलीत झोपलेला होता.

का ठेवलं ते सांगते, माफीसाठी नाही. दारात आला तेव्हा त्याच्या उजव्या हातावरचे केस जळालेले होते. म्हणाला, "ताई, गाड्या पेटवल्या, पण आत मामा होते हे कळल्यावर मी परत गेलो. मीच त्यांना बाहेर ओढलं." मला तेवढं पुरलं. मला वाटलं, आपला योगराज अजून शाबूत आहे. म्हणून तुला मामा कुठे सापडले ते विचारलं. मला तुझ्याकडून त्याच्या बोलण्याला दुजोरा हवा होता.

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचे तास कसे घेतले मला आठवत नाही. घरी आले तर तो मटार सोलत बसला होता. मी चप्पलही न काढता विचारलं, "दाराला कडी होती?"

तो सोलत राहिला.

"योगराज, कडी कुणी लावली?"

"मी."

"का?"

"मामा दुपारी जेवून पडतात. आवाजाने उठून बाहेर आले असते तर मला ओळखलं असतं. म्हणून लावली. फक्त गाड्या जाळायच्या होत्या, ताई. ऑफिसला लागेल असं डोक्यातच नव्हतं. वाटलं, गाड्या पेटल्या की आम्ही निघून जाऊ, मग कुणीतरी काढेल कडी."

"आणि तू परत गेलास ते?"

"निघालो होतो परत. नाक्यापर्यंत आलो, पुढे गेलो नाही."

"मामांनी हाक मारली नाही?"

"गच्च्यांवर डीजे लागले होते. पतंग कापला की 'काप्यो छे' म्हणून बोंबा चालल्या होत्या. काहीच ऐकू येत नव्हतं."

मी विचारलं, अमित होता का बरोबर. तर म्हणाला, "दादा बोलला होता, आता बोलणं बस झालं. तो आला नव्हता."

मग तो उठला आणि हात धुतले. खूप वेळ धूत राहिला. म्हणाला, "मी जाऊ का इथून?" त्याला जा म्हटलं तर तो कुठे जाईल, आणि राहा म्हटलं तर मी कोण? रोज मुलांसमोर उभी राहते तेव्हा वाटतं, आता कुणीतरी वर्गाच्या दारात येऊन माझं नाव घेईल.

तू सांगशील ते करीन.

शर्वरी


सुरत,
१५ फेब्रुवारी २०२४

शर्वरी,

ताई लिहायला हात होत नाही.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती, कारण तुला त्रास होईल असं वाटलं होतं. जानेवारीच्या शेवटी तापीत एक प्रेत सापडलं. योगराजच्या वयाचं, त्याच्या उंचीचं. पोलिसांनी मला ओळखायला बोलावलं. मी गेले. कापड वर केलं. तो नव्हता, तेव्हा मी त्या दुसऱ्याच्या मढ्यासमोर हसले. तिथला माणूस माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा तो तुझ्याकडे जेवत होता.

मायला सांगितलं. दार लावून, हळू आवाजात, दोन्ही गोष्टी सांगितल्या, तो जिवंत आहे आणि कडी त्याने लावली. ती आधी देवापुढे जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, नुसतीच उभी. मग म्हणाली, "येऊ नको म्हन त्याले. पोरे मारी टाकतीन." दुपारी नेहमीच्या वेळी लुगडं बदलून दवाखान्यात निघाली. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. शांतामामींना काय तोंड दाखवू, म्हणाली.

मायचं तिच्यापाशी. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याला हे वाचून दाखव.

योगराज, ये. घरी नको, गल्लीवर नजर आहे. दवाखान्यात ये, दुपारी भेटायच्या वेळेला, गर्दी असते तेव्हा. जे तिला सांगितलंस ते मामांना सांग. मग आपण वकिलांबरोबर चौकीत जाऊ. चंचलला न्याय मिळाला नाही हे मला माहीत आहे. तिच्या मृत्यूच्या कागदावर अजून 'पडून मार लागला' असंच आहे. पण मामांनी चंचलला मारलं नव्हतं.

हर्षदा


नंदुरबार,
२२ फेब्रुवारी २०२४

हर्षदा,

तो गेला.

तुझं पत्र मी त्याला शब्दनशब्द वाचून दाखवलं. मायचं वाक्य आलं तेव्हा त्याने हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाला, "पुढे वाच." तापीचंही वाचलं. संध्याकाळी त्याने आंघोळ केली, दाढी करायची राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघताना म्हणाला, "भुसावळहून गाडी येते ना सुरतेची? तिने जातो." मी स्टेशनपर्यंत येते म्हटलं तर नको म्हणाला. दुपारी घरी आले तर अंथरूण घडी करून ठेवलं होतं, भांडी घासली होती.

ही परवाची गोष्ट. म्हणजे तो परवाच पोचायला हवा.

आज पेपरात आतल्या पानावर बातमी आहे. उधना स्टेशनबाहेर जमावाने एका तरुणाला कडोदऱ्याच्या जाळपोळीतला म्हणून मारलं, प्रकृती गंभीर. नाव दिलेलं नाही. मी पंधरा वेळा वाचली. दुकानाच्या नंबरवर फोन करायला गेले आणि नंबर दाबून ठेवून दिला.

एक ओळ लिही. कसलीही.

शर्वरी


सुरत,
४ मार्च २०२४

शर्वरीताई,

एक ओळ लिहायला इतके दिवस लागले. चौकी, कोर्ट, दवाखाना, यांतून बसायलाच मिळालं नाही. आणि खरं सांगायचं तर लिहवत नव्हतं.

उधन्याला ज्याला मारलं तो योगराज नव्हता. बिहारचा कुणी होता, कामाच्या शोधात आलेला, दाढीवाला. कुणीतरी ओरडलं आणि बाकीचे धावले. तो वाचला, पण त्याचा पाय कायमचा गेला. योगराज त्याच गाडीने आला होता. गर्दी त्या पोरावर पडली तेव्हा तो पुलावर उभा होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी तो दवाखान्यात येऊ शकला नाही, कुठे होता ते त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

माय आणि मी तिथेच होतो. मायने आदल्या दिवसापासून पुन्हा जायला सुरुवात केली होती. आम्ही मामांच्या खाटेपाशी होतो, शांतामामी उशाशी. तो दारातून आत आला. मायने त्याला पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. तो मायकडे गेला नाही. सरळ खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"मामा, कडी मी लावली होती."

शांतामामी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं ओरडतील. वॉर्डात इतकी माणसं होती, कुणी एकाने जरी नाव ऐकलं असतं तरी तो तिथून बाहेर पडला नसता. पण त्यांनी फक्त दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली.

मामा छताकडे बघत होते. पाठीमुळे त्यांना वळता येत नाही. म्हणाले, "माले माहीत शे. दारनी फटमातून तुले देखं व्हतं."

"तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

मामा म्हणाले, "मी तुले हाक मारी. तुन्हं नाव लिसन मारी. तू आयकी का?"

ताई, तुला त्याने सांगितलं होतं की गच्च्यांवर डीजे होते. मला त्याने तेच सांगितलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे ओठ हलले, मला वाटलं, आता तेच म्हणेल. म्हणावं असंही वाटलं मला, देवाशपथ.

तो म्हणाला, "आयकी."

मामांनी डोळे मिटले. वळता आलं असतं तर ते भिंतीकडे वळले असते. शांतामामी म्हणाल्या, "जाय आते." मोठ्याने नाही. आम्ही गेलो.

फोन करून बोलावल्यावर वकील रिक्षा घेऊन फाटकाबाहेर येऊन थांबले. दवाखान्याच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत मायने त्याचा एक हात धरला होता, मी दुसरा. फाटकावर चहाच्या टपरीपाशी योगेश दोन पोरांबरोबर उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं. योगराजला नीट पाहिलं. मग त्याने त्या पोरांना काहीतरी म्हणत पाठ फिरवली आणि पैसे द्यायला खिशात हात घातला. मला वाटतं, त्याने आम्हाला जाऊ दिलं. नक्की सांगता येत नाही.

योगराजने सगळं कबूल केलं. आता लाजपोरच्या तुरुंगात आहे. दोन दिवसांनी मामांनी पोलिसांना बोलावून नवा जबाब दिला आणि त्याचं नाव घेतलं. मायच्या समोर. माय मध्ये बोलली नाही. डॉक्टर म्हणतात मामा जगतील, पण बोटं मिटणार नाहीत. अमितदादाला इंदूरजवळ धरल्याचं ऐकते. त्याने म्हणे सांगितलं की आपण कुणाला काही करायला सांगितलं नव्हतं.

आता तुझं. योगराजने पोलिसांना सांगितलं की महिनाभर तो स्टेशनांवर झोपला. तुझं नाव घेतलं नाही. साहेबांनी मला विचारलं, मी म्हटलं, माहीत नाही. या सगळ्यात मी बोललेलं हे पहिलं खोटं. कोर्टात मला शपथेवर विचारतील. तिथे मला परत तेच म्हणता येणार नाही, ताई. मी तुला भीती घालत नाही. तू त्याला खाऊ घातलंस, आणि तू त्याला विचारलंस म्हणून तो बोलला, हेही मी सांगीन. पण कुठे होता ते सांगीन.

माझ्या तोंडून तुझं नाव जाण्याआधी तू काय ते ठरव.

तुझी
हर्षदा


नंदुरबार,
९ मार्च २०२४

प्रिय हर्षदा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग ठेवून दिलं.

तू पुन्हा ताई लिहिलंस ते पाहिलं.

आज शाळेत रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना. आजारपण लिहिलं, खोडलं. शेवटी 'सुरत येथे साक्षीसाठी' एवढंच लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाच्या विरुद्ध?" मी म्हटलं, माझ्याच. त्यांनी विचारलं, किती दिवसांची रजा टाकू? म्हटलं, तेवढं मला सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते. आधी तुझ्या दुकानावर येईन, वकिलांचा पत्ता तेवढा काढून ठेव.

शर्वरी